शेजाऱ्याच्या बंडाला आपली बंदूक

१९ मे १९८२. तेव्हाचं मद्रास, त्यागराय नगरातला पाँडी बाजार. भर वस्तीत दोन श्रीलंकन तमिळ तरुण समोरासमोर आले आणि गोळ्या सुटल्या. एकाचं नाव वेलुपिल्लै प्रभाकरन, दुसऱ्याचं उमा महेश्वरन. काही वर्षांपूर्वी दोघं एकाच संघटनेत होते. मग फाटलं, आणि ते भांडण समुद्र ओलांडून आपल्या रस्त्यावर आलं. उमाचा साथीदार जखमी झाला. दोघांनाही अटक झाली. श्रीलंका सरकारनं ताबा मागितला, तो आपण दिला नाही. दोघं जामिनावर सुटले.

म्हणजे ही माणसं कोण आहेत, एकमेकांशी कशी वागतात, हे दिल्लीला आणि मद्रासला पोलीस ठाण्याच्या नोंदीवरून ठाऊक होतं. तरीही पुढच्याच वर्षी आपल्या गुप्तचर यंत्रणेनं प्रभाकरनच्या एलटीटीईसह (लिबरेशन टायगर्स) अनेक तमिळ गटांना भारतात आणून लष्करी प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. देहरादूनच्या परिसरात, मग तमिळनाडूत ठिकठिकाणी. १९८४ मध्ये एका इंग्रजी नियतकालिकानं हे छापलं, तेव्हा सरकारनं साफ इन्कार केला.

हे आज लिहायचं कारण आहे. पहलगामचा हल्ला झाला, त्यात महाराष्ट्रातली सहा माणसं गेली. त्यानंतर जिथे चार माणसं जमतील तिथे एक वाक्य ऐकू येतं: ‘पाकिस्ताननं आपल्याकडे जे केलं तेच आपण करायचं. तिथल्या बलुच बंडखोरांना हत्यारं द्यायची, पैसा द्यायचा, आपल्या जवानाचा जीव घालवायचाच नाही.’ बोलणारी माणसं वाईट नाहीत. डोंबिवलीच्या, पुण्याच्या घरांतून अंत्ययात्रा निघालेल्या त्यांनी पाहिल्यात, राग खरा आहे. पण हा उपाय नवा नाही. आपण तो एकदा पूर्ण करून पाहिला आहे आणि त्याचा हिशेब या देशानं कधी उघडपणे मांडलेला नाही. माझं म्हणणं असं, की दुसऱ्याच्या यादवीत बंडखोरांना लपूनछपून शस्त्रं देणारा देश ज्या लोकांच्या नावानं ती देतो, त्याच लोकांचा आवाज आधी मारतो. आपला जवान मरतो तो नंतर.

सुरुवात दयेतूनच झाली, हे मान्य करायला हवं. २३ जुलै १९८३ ला जाफनाजवळ एलटीटीईनं १३ सैनिकांना सापळ्यात गाठून मारलं आणि त्यानंतर कोलंबोत तमिळांची कत्तल झाली. झुंडींच्या हातात मतदारयाद्या होत्या, त्यावरून घरं शोधली गेली. वेलिकडा तुरुंगात तमिळ कैद्यांना कोठड्यांतून ओढून मारलं. पोलीस बघत राहिले. लोक होडक्यांतून रामेश्वरमला उतरू लागले, पुढच्या काही वर्षांत ते लाखाहून अधिक झाले. अशा वेळी भारतानं गप्प बसावं असं कुणीही म्हटलं नसतं, मीही म्हणत नाही.

पण दिल्लीच्या मनात निव्वळ दया नव्हती. श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांचं सरकार अमेरिकेकडे झुकलं होतं, त्रिंकोमालीच्या तेलटाक्या कुणाला द्यायच्या यावरून संशय होता, व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या केंद्राचा प्रश्न होता, इस्रायल आणि पाकिस्तान श्रीलंकेच्या सैन्याला मदत करत होते. कोलंबोला वाकवायला हातात काहीतरी हवं होतं. तेव्हा ही पोरं हाताशी आली. जाफनातले लोकही त्यांना ‘पोरं’च म्हणत.

आणि इथेच गोम आहे. पोरांना हवं होतं स्वतंत्र ईलम, म्हणजे श्रीलंकेतल्या तमिळांचा वेगळा देश. भारताला ईलम मुळीच नको होतं. तमिळनाडूत द्रविड चळवळीची फुटीर मागणी थंडावून वीस वर्षंच झाली होती, ती राख पुन्हा फुंकायची इच्छा कुणाला असणार? आपल्याला हवा होता तो दाब, तोही हवा तेव्हा चढवता येईल आणि हवा तेव्हा उतरवता येईल असा. देणाऱ्याचं उद्दिष्ट आणि घेणाऱ्याचं उद्दिष्ट पहिल्या दिवसापासून वेगळं होतं आणि दोघांनाही ते कळत होतं. दोघांनीही ते एकमेकांपासून लपवलं, एवढंच.

एक संघटना डोईजड होऊ नये म्हणून आपण अनेक गट पोसले. टेलो, ईपीआरएलएफ, ईरोस, एलटीटीई. कागदावर हे शहाणपणाचं वाटतं. प्रत्यक्षात काय झालं? गटाला जगण्यासाठी आता गावाची संमती लागेना. पैसा बाहेरून, बंदूक बाहेरून, लपायची जागा समुद्रापलीकडे. शेतकऱ्याच्या घरी जेवायचं असेल तर त्याच्याशी नीट वागावं लागतं. रसद बाहेरून येत असेल तर ती गरज संपते. गटांची स्पर्धा सुरू झाली ती लोकांचं मन जिंकण्याची नव्हे, दुसऱ्या गटाच्या वाट्याचं हिसकावण्याची. अशा स्पर्धेत जो सर्वांत कमी बिचकतो तो पुढे जातो. टेलो भारताच्या विशेष मर्जीतली होती. एप्रिल-मे १९८६ मध्ये एलटीटीईनं जाफनात टेलो संपवली. तिचा नेता श्री सबारत्नम ६ मे रोजी मारला गेला. आपण घडवलेल्या एका फौजेनं आपण घडवलेली दुसरी फौज कापून काढली आणि आपण बघत बसलो.

या सगळ्या गटांच्या आधी तिथे एक निवडून आलेलं तमिळ नेतृत्व होतं, हे आज कुणाच्या लक्षातही नसतं. १९७७ च्या निवडणुकीत तमिळ युनायटेड लिबरेशन फ्रंटला १८ जागा मिळाल्या आणि अमृतलिंगम श्रीलंकेच्या संसदेत विरोधी पक्षनेते झाले. १९८३ मध्ये कोलंबोनं घटनादुरुस्ती करून फुटीरतेविरुद्ध शपथ सक्तीची केली आणि त्यांना संसदेबाहेर घालवलं. तो श्रीलंकेचा घोर अपराध. पण मग आपण काय केलं? अमृतलिंगम दिल्लीला आले की त्यांच्याशी चर्चा, आणि त्याच वेळी पोरांना बंदुका. ज्याच्या हातात बंदूक तोच खरा प्रतिनिधी, हा धडा जाफनाच्या प्रत्येक तरुणाला आपणच दिला. १३ जुलै १९८९ ला कोलंबोत अमृतलिंगम यांच्या घरी एलटीटीईची माणसं भेटायला म्हणून आली आणि पाहुणे म्हणून घरात घेतलेल्या त्या माणसांनी त्यांना गोळ्या घातल्या.

अनेकजण लगेच १९७१ पुढे करतात. बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीला आपणच शिकवलं ना? मग ते कसं जमलं? प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडं थांबून उत्तर द्यायला हवं. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातल्या थेट निवडणुकीच्या १६२ जागांपैकी १६० अवामी लीगला मिळाल्या होत्या. बंड उभं राहिलं ते या मतपेटीवर. १७ एप्रिल १९७१ ला मुजीबनगरला हंगामी सरकारनं शपथ घेतली, कर्नल उस्मानी हे सेनापती ठरले. कुणाला मदत करायची, हे भारताला शोधावं लागलं नाही. दुसरं असं, की जवळपास एक कोटी निर्वासित आपल्या हद्दीत होते आणि शेवटी आपलं सैन्य गणवेशात, उघडपणे, जगासमोर युद्धात उतरलं. ३ डिसेंबरला सुरू झालेलं युद्ध १६ डिसेंबरला संपलं आणि मार्च १९७२ मध्ये आपण परतलोही. आपलं उद्दिष्ट आणि त्यांचं उद्दिष्ट एकच होतं. आणि त्या मोहिमेतही जिथे आपण हंगामी सरकारला बाजूला ठेवून मुजीब वाहिनी नावाची वेगळी फौज घडवली, तिथेच कटकटी झाल्या. ताजुद्दीन अहमद यांच्या सरकारला ती फौज आपल्या हुकमाबाहेरची म्हणून खुपत होती. म्हणजे १९७१ चा विजय हा लपूनछपून बंदुका देण्याचा विजय नव्हे. त्या वर्षाचा दाखला देणाऱ्यांनी तो पूर्ण द्यावा.

श्रीलंकेत यातलं एकही नव्हतं. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. ज्यांना आपण शिकवलं त्यांची या करारावर सहीही नव्हती. दुसऱ्या दिवशी मानवंदना घेताना एका श्रीलंकन नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला, तो फटका त्यांनी चुकवला म्हणून खांद्यावर निभावलं. भारतीय शांतिसेना जाफनात उतरली तेव्हा लोकांनी हार घातले. ऑक्टोबर उजाडेपर्यंत तीच सेना आपल्याच शिष्यांशी लढत होती.

माझ्या वडिलांचे एक मित्र त्या वेळी तिथे होते. सातारा जिल्ह्यातले, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना काकाच म्हणायचो. जाफनाविषयी ते फार बोलत नसत, पण एकदा जेवणानंतर त्यांनी ताटाशेजारी बोटानं एक गल्ली काढली. दोन्हीकडे ताडाच्या झावळ्यांची कुंपणं, मधे बैलगाडी जाईल एवढा रस्ता. ‘ऑगस्टात या फाटकातून एक म्हातारी आम्हाला शहाळं द्यायची. ऑक्टोबरात तेच फाटक बंद, आणि त्याच्या मागून गोळी.’ मग त्यांनी रस्त्याच्या मधोमध एक फुली केली. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरलेला दारूगोळा रस्त्याखाली पुरायचा, वायर कुंपणाच्या बुडातून आत न्यायची, बटण दाबणारा शंभर पावलांवर बसलेला. ‘सुरुंग कसा पुरलाय ते बघितलं की कळायचं, हे कुठल्यातरी आपल्याच उस्तादानं शिकवलंय. आमच्या हातात एसएलआर रायफली, त्यांच्या हातात एके-४७. आमचा वायरलेस ते ऐकायचे.’ एवढं बोलून त्यांनी ती रेघ हातानं पुसली आणि पाणी मागितलं.

११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरनं जवान उतरवले. एलटीटीईला ते आधीच कळलं होतं. शीख लाइट इन्फंट्रीचे ३० जवान तिथे एकटे पडले आणि सकाळपर्यंत त्यातले २९ गेले. २१ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, आपलं सैन्य जाफनाच्या रुग्णालयात शिरलं आणि तिथे रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मिळून साठ-सत्तर माणसं मारली गेली. हे लिहिताना हात जड होतो, पण टाळलं तर हा लेखच खोटा ठरेल. ज्यांच्या रक्षणासाठी आपण गेलो असं म्हणतो, ती हीच माणसं. शांतिसेनेच्या आयपीकेएफ या इंग्रजी आद्याक्षरांची फोड तिथले लोक ‘निरपराध माणसं मारणारी फौज’ अशी करू लागले.

आणि त्याच जाफनात २५ नोव्हेंबरच्या रात्री मेजर रामस्वामी परमेश्वरन पडले. मुंबईत जन्मलेला, साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटीच्या शाळा-कॉलेजात शिकलेला हा तमिळ अधिकारी महार रेजिमेंटचा. शोधमोहीम आटोपून परतताना त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. त्यांनी मागून वळसा घालून हल्लेखोरांना गाठलं, हातघाईत छातीत गोळी लागली, तरी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला पाडलं आणि शेवटच्या श्वासापर्यंत जवानांना हुकूम देत राहिले. त्या मोहिमेतलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं. घरी तमिळ बोलत वाढलेला मुंबईकर, ईलमच्या भूमीवर, तमिळांच्या मुक्तीसाठी लढतो म्हणणाऱ्यांच्या गोळीनं गेला. त्याला मारणाऱ्या संघटनेला चार वर्षांपूर्वी त्याच्याच देशानं शिकवलं होतं. सुमारे १,२०० भारतीय जवान तिथे गेले. त्यांचं स्मारक श्रीलंकेच्या संसदेजवळ उभं राहिलं, तेही २००८ मध्ये. २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी श्रीलंकेतून निघाली; परतलेले जवान मद्रास बंदरात उतरले तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. जवानांचा दोष काय होता?

जाताना आपण आणखी एक पाप केलं, त्याबद्दल जवळजवळ कुणीच बोलत नाही. श्रीलंकेच्या उत्तर-पूर्व प्रांतातल्या ईपीआरएलएफच्या सरकारला टिकवायला भारताच्या पाठबळावर ‘तमिळ नॅशनल आर्मी’ उभी केली गेली. तिच्यासाठी शाळेतली, शिकवणीहून परतणारी पोरं रस्त्यावरून जबरदस्तीनं उचलली गेली. पुरेसं शिक्षण नाही, लढायची इच्छा नाही, हातात बंदूक. आपण निघालो आणि एलटीटीईनं ती पोरं झोडपून काढली. मुख्यमंत्री वरदराज पेरुमाळ यांना भारतात आसरा मिळाला. उचलून आणलेल्या पोरांना कुणी जहाजावर घेतलं नाही. परदेशी पाठबळावरच्या बंडखोरांचं हे ठरलेलं भवितव्य असतं. पाठीराख्याचं काम संपतं त्या दिवशी ते उघड्यावर पडतात. अफगाणिस्तानात, अंगोलात, निकाराग्वात वेगवेगळ्या देशांनी हेच केलं. आज काँगोत एम-२३ या बंडखोर गटाच्या मागे रवांडा उभा असल्याचं संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ वर्षानुवर्षं लिहीत आहेत आणि २०२५ च्या सुरुवातीला गोमा शहर पडलं तेव्हा पळ काढावा लागला तो पुन्हा सामान्य माणसांनाच.

एलटीटीईला पोसणारे आपण एकटे नव्हतो, हेही सांगायला हवं. आपल्याला घालवण्यासाठी १९८९ मध्ये श्रीलंकेचे अध्यक्ष प्रेमदासा यांच्याच सरकारनं एलटीटीईला शस्त्रं दिली. जून १९९० मध्ये त्याच एलटीटीईनं शरण आलेले शेकडो पोलीस मारले. त्याच महिन्यात मद्रासच्या कोडंबक्कममध्ये, पाँडी बाजारापासून फार लांब नाही, ईपीआरएलएफचे नेते पद्मनाभ आणि त्यांचे सहकारी मारले गेले. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधी. १ मे १९९३ ला कोलंबोत प्रेमदासा.

पण या सगळ्या नावांत मला जास्त अस्वस्थ करतं ते डॉ. रजनी तिरणगम यांचं. जाफना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवणारी ही बाई आधी एलटीटीईच्या बाजूची होती. मग तिनं डोळ्यांनी जे पाहिलं ते सहकाऱ्यांबरोबर लिहून काढायला घेतलं: श्रीलंकेच्या सैन्यानं काय केलं, एलटीटीईनं काय केलं, इतर गटांनी काय केलं आणि आमच्या शांतिसेनेनं काय केलं. कुणालाही सोडलं नाही. २१ सप्टेंबर १९८९ ला सायकलवरून घरी परतताना तिला गोळ्या घातल्या. वय ३५, मागे दोन मुली. जाफनातल्या तमिळांना कुणाच्या तरी मदतीची खरी गरज होती तर ती अशा माणसांना. तिच्याकडे ना दिल्लीचा पैसा होता, ना कोलंबोची बंदूक. आपण बंदूक वाटली तेव्हा तिच्यासारख्यांची बोलायची जागाच आपण संपवली, हे मला म्हणायचं आहे. दुसऱ्या कुठल्याही मोजमापापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं.

यावर कुणी म्हणेल, मग शेजारी आपल्याकडे अतिरेकी पाठवत राहणार आणि आपण निषेध नोंदवत बसायचं? मुळीच नाही. हल्ला करणाऱ्याला उत्तर द्यायचं तर ते गणवेशातल्या सैन्यानं द्यावं, सरकारनं त्याची जबाबदारी घेऊन द्यावं, संसदेला त्याचा जाब विचारता यावा. गुपचूप पोसलेल्या बंडाची जबाबदारी कुणीच घेत नाही, त्यामुळे ते चुकलं तरी थांबत नाही. अमेरिकेत निकाराग्वाच्या कॉन्ट्रा बंडखोरांना मदत करायला काँग्रेसनं कायद्यानं मनाई केली होती. ती चोरून मोडली गेली हे खरं, पण मोडली गेली म्हणूनच १९८६ मध्ये प्रकरण बाहेर आलं, चौकश्या झाल्या, खटले झाले. आपली गुप्तचर यंत्रणा रॉ १९६८ मध्ये सरकारी आदेशानं स्थापन झाली, तिच्यामागे संसदेचा कायदा नाही, तिच्यावर संसदीय समितीची देखरेख नाही. २०११ मध्ये एका खासदारानं असा कायदा व्हावा म्हणून खासगी विधेयक आणलं, ते तसंच विरलं. तमिळ गटांच्या प्रशिक्षणाविषयी, राजीव गांधींच्या हत्येमागच्या कटाची चौकशी करणाऱ्या जैन आयोगाच्या अंतरिम अहवालातून १९९७ मध्ये बरंच बाहेर आलं, पण त्यावर चर्चा झाली ती कुणाचा पाठिंबा काढायचा आणि कुणाचं सरकार पाडायचं एवढीच. ते धोरण कुणी ठरवलं, कुणी हरकत घेतली, पाँडी बाजारची नोंद कुणी वाचली, हे या देशातल्या मतदाराला आजवर सरकारनं सांगितलेलं नाही. बलुचिस्तानाविषयी बोलण्याआधी हा हिशेब मागायला हवा. चाळीस वर्षं झाली, आता कुठलं गुपित उरलंय?

बलुचांची दुःखं खरी आहेत, नाहीशा झालेल्या मुलांचे फोटो घेऊन रस्त्यावर बसणाऱ्या आया खऱ्या आहेत. आपल्या बंदुकीची एक अफवासुद्धा त्यांना ‘परक्यांचे हस्तक’ ठरवायला पुरते. जाफनात असंच झालं होतं. समानतेची मागणी करणारा प्रत्येक तमिळ कोलंबोच्या नजरेत दिल्लीचा किंवा प्रभाकरनचा माणूस झाला. २००९ च्या मे महिन्यात नंदिकडल खाजणाच्या काठावर, मुल्लिवाइक्कालला, हे युद्ध संपलं. शेवटच्या काही महिन्यांत ४०,००० पर्यंत सामान्य माणसं गेली असावीत, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं म्हटलं.

मदत करायचीच असेल तर ती करायला जागा आहे, अगदी आपल्या हद्दीत. रामेश्वरमजवळ मंडपमला निर्वासितांची छावणी आहे. तमिळनाडूभर अशा अनेक आहेत, त्यांत हजारो श्रीलंकन तमिळ अजून राहतात. १९८३ नंतर आलेल्यांची मुलं तिथे जन्मली, नातवंडंही जन्मली. आपल्याकडे निर्वासितांसाठी कायदा नाही. २०१९ मध्ये नागरिकत्व कायदा बदलला तेव्हा तीन शेजारी देशांची नावं घातली, श्रीलंकेचं घातलं नाही. ज्यांच्यासाठी आपण बंदुका दिल्या, ज्यांच्यासाठी १,२०० जवान पाठवून गमावले, त्या लोकांच्या नातवाला शाळेतून बाहेर पडल्यावर पासपोर्ट मिळत नाही, सरकारी नोकरी मिळत नाही. नागरिकत्वाचा हा कायदा संसदेच्या एका अधिवेशनात बदलता येतो.